आकर्षण आणि अटकाव

तारे कसे जन्मतात, या प्रश्नाचे उत्तर आज शालेय पुस्तकातही एका वाक्यात सापडते : अंतराळातील वायू आणि धूळ गुरुत्वाकर्षणाने एकत्र येतात, आकुंचन पावतात, तापतात आणि प्रकाशू लागतात. हे वाक्य खोटे नाही. परंतु ते ज्या सहजतेने उच्चारले जाते त्या सहजतेखाली या विषयातील सर्वांत मोठा प्रश्न झाकला जातो, असे मला वाटू लागले ते माझ्या दोन स्नेह्यांच्या वादामुळे. त्यांपैकी एक जिल्हा न्यायाधीशाच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले असून त्यांना आम्ही सारेच रावसाहेब म्हणतो. आयुष्यभर दिवाणी दाव्यांचे निकाल लिहिल्यानंतर त्यांनी आपली उरलेली उमेद ज्योतिर्विज्ञानाच्या वाचनास वाहिली आहे. दुसऱ्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका. विद्यार्थ्यांप्रमाणे रावसाहेबही त्यांना 'बाई' असेच संबोधितात, आणि त्यांचे सारे संशोधन आकाशगंगेतील शीत वायूवर झालेले आहे. रावसाहेबांचा पक्ष असा की, ताऱ्याचा जन्म म्हणजे एकट्या गुरुत्वाकर्षणाचा अंमल. बाईंचा पक्ष असा की, त्या अंमलाला जो अटकाव होतो त्यातूनच तारा आकारास येतो. दोघांचेही म्हणणे शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देण्याचा माझा प्रयत्न आहे; मात्र जेथे बोलल्यावाचून राहवले नाही तेथे मी मध्ये पडलो आहे.

"बाई," रावसाहेबांनी आरंभ केला, "या प्रकरणाचा इतिहास पाहिला तर आधी गोंधळ, आणि मग गोंधळाच्या तळाशी एक साधा नियम, असेच पुनःपुन्हा घडलेले दिसते. वृश्चिकाच्या परिसरात ताऱ्यांवाचून रिता असा आकाशाचा तुकडा विल्यम हर्शेलला आढळला, तेव्हा त्याला ते आकाशाला पडलेले भगदाड वाटले. पुढे एडवर्ड बर्नार्डने छायाचित्रे घेऊन अशा काळ्या जागांचे दप्तरच तयार केले. १९१९ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत १८२ नोंदी आहेत. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्प्लरने तारकागुच्छांची अंतरे दोन भिन्न रीतींनी काढून ती एकमेकांशी ताडून पाहिली, आणि ताऱ्यांमधल्या अवकाशात प्रकाश मंदावणारी धूळ पसरलेली आहे हे निर्विवाद दाखविले. भगदाडे नव्हतीच, पडदे होते. परंतु पडद्यामागील घटनेचा कायदा जेम्स जीन्सने त्यापूर्वीच, १९०२ मध्ये, लिहून ठेवला होता. आणि तो मला अजूनही पुरेसा वाटतो."

जीन्सचा तो विचार येथे सांगितला पाहिजे. वायूच्या कोणत्याही गोळ्यात दोन प्रवृत्ती नांदत असतात : उष्णतेमुळे इतस्ततः धावणाऱ्या कणांचा दाब त्याला पसरवू पाहतो, आणि त्याचेच वजन त्याला आत ओढू पाहते. गोळा लहान असेल तर दाबाची सरशी होते, मोठा असेल तर वजनाची. आणि या दोहोंच्या सीमेवर असलेले वस्तुमान ढगाच्या तापमानाबरोबर वाढते व घनतेबरोबर घटते. निरपेक्ष शून्याच्या वर अवघे दहा अंश तापमान, म्हणजे सेल्सिअसच्या मापाने शून्याखाली २६३ अंश, आणि एका घनसेंटिमीटरमध्ये दहा हजार रेणू, अशी स्थिती धरली तर ते वस्तुमान सूर्याच्या काही पटींइतके येते. (दहा हजार ही संख्या मोठी भासेल, पण आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे अडीच लाख कोटी कोटी रेणू असतात.) केवळ तापमान, घनता आणि गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक एवढ्या सामग्रीतून, ताऱ्यांची वस्तुमाने प्रत्यक्षात ज्या प्रमाणाची आढळतात त्याच प्रमाणाचे उत्तर निघावे, याचे रावसाहेबांना जे अप्रूप वाटते त्यात मी पूर्णपणे सहभागी आहे.

"आणि हे सारे कागदावरचेच नाही," ते पुढे म्हणाले. "भुजंगधारी तारकासमूहातील, बर्नार्डच्या यादीतील ६८ क्रमांकाचा ढग घ्या. रुंदी सुमारे अर्धे प्रकाशवर्ष, वस्तुमान सूर्याच्या दुपटीच्या आसपास. आल्व्हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या पलीकडचे तारे अवरक्त किरणांत पाहिले. कोणत्या ताऱ्याचा प्रकाश किती तांबडा झाला यावरून ढगाच्या प्रत्येक थराची घनता काढली, आणि ते मोजमाप २००१ मध्ये प्रसिद्ध केले. दाब आणि वजन यांच्या तोलातून सिद्धांताने जो आलेख काढून दिला होता, त्यावर ती मोजमापे नेमकी बसली. याहून चोख पुरावा कोणत्या न्यायासनापुढे आला असेल?"

"रावसाहेब, तुम्ही आणलेला साक्षीदार माझ्या बाजूने बोलतो आहे," बाई म्हणाल्या. "तो ढग उंबरठ्यावर आहे खरा, पण तोललेला आहे, कोसळलेला नाही. आणि एका ढगाचे राहू द्या, साऱ्या आकाशगंगेची जमाबंदी पाहू. तीत रेणुरूप वायूचा साठा सुमारे शंभर कोटी सूर्यांच्या वस्तुमानाइतका आहे. मोठ्या ढगांच्या ठिकाणी गुरुत्वाकर्षणाला मोकळे रान मिळाले, तर काही दशलक्ष वर्षांत ते आतल्या आत कोसळले पाहिजेत. आता भागाकार करा : दर वर्षी काही शे सूर्यांइतका ऐवज ताऱ्यांच्या खाती जमा व्हावयास हवा. प्रत्यक्षात होतो तो दोन सूर्यांच्या आसपास. झुकरमन आणि एव्हान्स यांनी १९७४ मध्ये या विसंगतीकडे लक्ष वेधले, तेव्हापासून ती आमच्या शास्त्राच्या मानेवर बसलेली आहे. तफावत शंभरपटीची आहे, आणि ती हिशेबाची चूक नव्हे. तुमचा कायदा जर एकटाच अंमल चालवीत असेल, तर वसुली इतकी थोडी का?"

हा साठा मोजला कसा, हे मी मध्येच विचारले; कारण रेणुरूप हायड्रोजन इतक्या थंडीत जवळजवळ मुकाच असतो, त्याच्याकडून कोणतीही सोयीची रेषा येत नाही. सुटा हायड्रोजन अणू मात्र २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ तरंगरेषा देतो. हेंड्रिक व्हान डे हुल्स्टने १९४४ मध्ये तिचे भाकीत केले, १९५१ मध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती प्रथम टिपली, आणि आज आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडद येथे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना जी कामे करतात त्यांत या रेषेचे वेधही आहेत. पण ढग दाट व थंड झाला की त्यातील अणू जोडीजोडीने रेणू बनतात आणि ती रेषा मावळते. तेव्हा शोध घ्यावा लागतो तो हायड्रोजनच्या सोबत अल्प प्रमाणात असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा, जो १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेंझियस यांना मृगातील तेजोमेघाच्या दिशेने २.६ मिलिमीटर तरंगलांबीवर सापडला. एका दुय्यम वायूच्या साक्षीवर मुख्य वायूचा सारा हिशेब उभा आहे. तथापि निरनिराळ्या मार्गांनी तो पडताळून पाहिला गेला आहे, आणि शंभरपटीची तफावत त्याने मिटत नाही.

रावसाहेब डगमगले नाहीत. "विलंब झाला म्हणून निकाल बदलत नाही. दावा वर्षानुवर्षे तहकूब होत राहिला तरी मालकीचा हक्क ज्याचा आहे त्याचाच राहतो. गुरुत्वाकर्षणाला उशीर झाला असेल. पण शेवटी ढगाचा तारा तेच करते ना?"

"नाही, येथे विलंबाने निकालच बदलतो," बाईंच्या स्वरात आता आवेग होता. "सूर्याचे वय सुमारे ४५७ कोटी वर्षे, आकाशगंगेतील वृद्ध ताऱ्यांचे हजार कोटींहून अधिक. आरंभीचा वायू विनाअडथळा कोसळला असता तर पहिल्या काही कोटी वर्षांतच बहुतेक साठा खर्ची पडला असता, आणि तो जवळजवळ केवळ हायड्रोजन व हीलियम यांचा असल्यामुळे त्या ताऱ्यांभोवती दगडाचा एक कणही जमला नसता. ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात सिद्ध व्हावी लागतात, मग त्या ताऱ्यांनी आपले द्रव्य अवकाशात परत करावे लागते, आणि ते स्वीकारण्यास अद्याप न वापरलेला वायू शिल्लक असावा लागतो. तुमच्या पायाखालचा बेसाल्ट म्हणजे त्या विलंबाची मिळकत आहे. ज्याला तुम्ही तहकुबी म्हणता, तिच्यावाचून या दाव्याला वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश यांपैकी कोणीच मिळाले नसते."

मला हे उत्तर निर्णायक वाटते, आणि तसे मी त्या वेळीही म्हणालो. परंतु रावसाहेबांनी तेथेच धुळीचा मुद्दा काढला आणि वाद अधिक खोल गेला, याचे मला समाधान आहे. कारण धूळ हाच या विषयातील सर्वांत उपेक्षित आणि मला सर्वांत मोहक वाटणारा भाग आहे. ढगाच्या वस्तुमानात तिचा वाटा शेकडा एकाच्या आसपास. एकेक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका, सिलिकेटांचा वा कार्बनचा. विझू लागलेल्या वृद्ध ताऱ्यांच्या फुगलेल्या बाह्य आवरणांत त्यांतील पुष्कळसे कण घट्ट झालेले असतात. शतकभर ज्योतिषी तिच्याकडे अडचण म्हणून पाहत आले, कारण ती त्यांची दृष्टी अडविते. रावसाहेबही तिला अटकावाच्या पक्षात घालून म्हणाले, "पाहा बाई, तुमचा अटकाव हा असा! प्रकाश रोखण्यापलीकडे त्याने काय साधते?"

"ती प्रकाश रोखते म्हणूनच ढग थंड राहतो," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या ताऱ्यांचे जंबुपार किरण आत पोचले तर रेणू फुटतात आणि वायू तापतो, धुळीचा पडदा त्यांना कडेवरच अडवितो. पण तिचे याहून मोठे कार्य निराळे आहे. हायड्रोजनचे दोन अणू उघड्या अवकाशात भेटले तर त्यांचा रेणू होत नाही. जोडले जाताना सुटणारी ऊर्जा टाकण्यास त्यांना कोणताच मार्ग नसतो, आणि ते पुन्हा विलग होतात. धुळीच्या गार कणावर एक अणू चिकटून बसतो, दुसरा येऊन त्याला मिळतो, अधिकची ऊर्जा कण स्वतःकडे घेतो, आणि रेणू सुटून मोकळा होतो. या ढगांतील जवळजवळ सारा रेणुरूप हायड्रोजन अशा रीतीने धुळीच्या अंगावर जुळलेला आहे. शिवाय ढग आकुंचन पावताना जी उष्णता निर्माण होते तीही धूळ अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. तुमच्या गुरुत्वाकर्षणाला वाट करून दिली आहे ती या धुळीने."

"म्हणजे ती माझ्या पक्षाची ठरली!"

"ती दोन्ही पक्षांची आहे, रावसाहेब, आणि यातच मर्म आहे. गुरुत्वाकर्षण ढगाला दाबते, दाबल्याने तो तापतो, तापल्याने दाब वाढतो : आपला प्रतिवादी ते आपल्याच हाताने उभा करते. उष्णता निसटून जात राहील तोवर आकुंचन चालू राहते. घनता वाढेल तसे जीन्सचे ते सीमावर्ती वस्तुमान घटत जाते, आणि एका ढगाचे अनेक तुकडे पडतात. फ्रेड हॉयल यांनी १९५३ मध्ये हा विचार मांडला," आणि येथे त्या किंचित थांबल्या, कारण आपल्या जयंत नारळीकरांचे हे गुरू, याचा उल्लेख त्यांच्याकडून सहसा सुटत नाही, "व तुकडे पडण्याची क्रिया कोठे थांबते तेही दाखविले. तुकडा इतका दाट होतो की त्याची स्वतःची उष्णता त्यालाच ओलांडून बाहेर पडता येत नाही. तेथे कोसळणे थबकते, गाभा तापत जातो. सुमारे दोन हजार अंशांवर हायड्रोजनचे रेणू फुटू लागतात, त्यात उष्णता खर्ची पडते, आणि गाभा दुसऱ्यांदा कोसळतो. त्यानंतर जे उरते त्याला आम्ही आदितारा म्हणतो. सूर्यासारख्या ताऱ्याला तेथून पुढे काही कोटी वर्षे सावकाश आकुंचन पावावे लागते, तेव्हा कोठे केंद्रातील तापमान एक कोटी अंशांच्या घरात जाऊन हायड्रोजनचे संमीलन स्थिरपणे चालू होते."

परिभ्रमणाचा प्रश्न मीच उपस्थित केला, कारण जीन्सच्या मूळ विचारात जे येत नाही त्यात हे प्रमुख आहे. ढगाचा गाभा अगदी मंद फिरत असतो. एका गिरकीस काही दशलक्ष वर्षे. पण त्याची त्रिज्या सूर्याइतकी होईतो ती सुमारे वीस लाख पटींनी घटावयाची, आणि फिरण्याचा वेग त्या संख्येच्या वर्गाने वाढावयाचा. हिशेब केला तर अशा ताऱ्याची गिरकी एखाद्या मिनिटाच्या आतबाहेर पुरी व्हावी. आणि सूर्य तर तीन तासांहून जलद फिरला तरी विषुववृत्तावर फुटून उधळू लागेल. तेव्हा सरळ कोसळून सूर्य होणे असंभव आहे. द्रव्य प्रथम एका चकतीत जमते, आपले फिरणे हळूहळू बाहेरच्या द्रव्यास सोपविते आणि तेवढ्याच गतीने आत सरकते. त्यातील काही भाग ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांच्या दिशांनी झोतांच्या रूपाने बाहेर फेकला जातो. हे झोत भोवतालच्या वायूवर आदळून जे तेजस्वी ठिपके उमटतात ते १९५० च्या सुमारास जॉर्ज हर्बिग आणि गियेर्मो आरो यांनी नोंदले होते, त्यांचे कारण कळण्यास पुढे कित्येक वर्षे जावी लागली. अशी एक चकती आपल्या ओळखीच्या रोहिणी नक्षत्राच्या वायव्येस, तिच्यापासून आकाशात सुमारे दोनच अंशांवर आहे, जरी अंतराने ती रोहिणीच्या कितीतरी पलीकडे, सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर असली तरी. एचएल टॉरी या त्या ताऱ्याचे २०१४ मध्ये चिलीतील आल्मा दुर्बिणीने घेतलेले चित्र पाहावे : एकाबाहेर एक तेजाळ वलये आणि त्यांमधील काळ्या खाचा, जेथे ग्रह आकार घेत असावेत असा बहुतेकांचा कयास आहे. सूर्यमालेतही हीच वाटणी आढळते, ९९.८ टक्के वस्तुमान सूर्याकडे, आणि फिरण्याचा बहुतांश वाटा ग्रहांकडे.

"ठीक," रावसाहेब म्हणाले, "आता माझे सर्वांत बळकट म्हणणे ऐका. तुम्ही सांगितलेला प्रत्येक अटकाव गळका आहे. उष्णता निसटते. परिभ्रमण हस्तांतरित होते. चुंबकीय क्षेत्राविषयी तुम्हीच मला सांगितले आहे की, ते केवळ विद्युत्भारित कणांना धरून ठेवू शकते आणि बाकीचा वायू त्यांच्यामधून झिरपत आत जातो. मेस्टेल आणि स्पिट्झर यांनी १९५६ मध्येच ते दाखविले. राहता राहिला ढगातील प्रक्षोभ, म्हणजे वायूची आतली खळबळ. तो तर गणकयंत्रावरील हिशेबांप्रमाणे ढग एकदा ओलांडण्यास जेवढा काळ लागतो तेवढ्यातच विरून जातो. या सर्वांत न निसटणारी, न झिरपणारी, न विरणारी अशी एकच गोष्ट आहे. ज्याची मुदत कधी संपत नाही त्याचा विजय निश्चित असतो."

बाईंनी हे म्हणणे सहज उडवून लावले नाही, याचे मला कौतुक वाटले. त्या म्हणाल्या, "पुष्कळ अंशी खरे आहे. ताऱ्यांचा प्रकाश धुळीतून येताना विशिष्ट दिशेने ध्रुवित होतो, हे १९४९ मध्ये हिल्टनर आणि हॉल यांना आढळले. त्यावरून चंद्रशेखर आणि फर्मी यांनी १९५३ मध्ये आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्राच्या बळाचा अंदाज केला, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आमच्यापैकी बहुतेकांना तेच क्षेत्र ढगांचा मुख्य आधार वाटे. आता प्रत्यक्ष मोजमापे सांगतात की, पुष्कळ दाट गाभ्यांत ते एकटे पुरे पडत नाही. प्रक्षोभ विरतो हेही खरे. पण तो विरला तरी पुन्हा उत्पन्न होतो, आणि तो उत्पन्न करणाऱ्यांत तारे स्वतः आहेत. मृगाच्या बाणाखाली जो अंधुक डाग डोळ्यांना दिसतो, सुमारे तेराशे प्रकाशवर्षांवरचा तो तेजोमेघ पाहा. त्याच्या हृदयातील चार-सहा तरुण तारे, आणि त्यांतही मुख्यत्वे एकच, जवळजवळ चाळीस हजार अंशांच्या पृष्ठभागावरून जंबुपार किरण ओतीत ज्या ढगात जन्मले तो ढगच उद्ध्वस्त करीत आहेत. अशा ताऱ्याचे आयुष्य काही दशलक्ष वर्षांचे. शेवटी तो अतिदीप्त नवतारा होऊन फुटतो आणि शेकडो प्रकाशवर्षांपर्यंतचा वायू ढवळून काढतो. म्हणून महाकाय ढगातील जेमतेम काही टक्के द्रव्याचेच तारे होतात, बाकीचे पुन्हा अवकाशात विखुरते. गुरुत्वाकर्षणाची मुदत संपत नाही हे मान्य. पण प्रत्येक विजयाबरोबर ते आपला पुढचा प्रतिस्पर्धी जन्मास घालते, आणि तोही संपत नाही."

यावर रावसाहेब बराच वेळ विचार करीत होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला साऱ्या संभाषणातील सर्वोत्तम वाटला : "तर मग एखादा तारा सूर्याइतका, दुसरा त्याच्या दशांश आणि तिसरा त्याच्या तीस पट, हे कोण आणि केव्हा ठरविते? कोसळण्याच्या आधी, की नंतर?"

"पाइप नावाच्या कृष्णमेघात, तुमच्या त्या ६८ क्रमांकाच्या ढगाच्या शेजारीच, गाभ्यांची वस्तुमाने मोजली गेली आहेत," बाई म्हणाल्या. "लहान गाभे किती, मोठे किती, याचे प्रमाण काढले तर तो आलेख ताऱ्यांच्या वस्तुमानांच्या आलेखाशी आकाराने जुळतो, फक्त गाभे ताऱ्यांच्या सुमारे तिप्पट जड. म्हणजे गाभा वेगळा पडतो तेव्हाच ताऱ्याचा वाटा ठरतो, त्याचा एक तृतीयांश ताऱ्याला मिळतो, आणि उरलेला बहुधा ते झोत उधळून देतात. हे २००७ चे काम आहे आणि ते माझ्या बाजूचे आहे, कारण गाभे वेगळे पाडतो तो प्रक्षोभ. पण तुमच्याशी प्रामाणिक राहावयाचे तर दुसरे मतही सांगितले पाहिजे. मृगासारख्या ठिकाणी तारे इतक्या दाटीने जन्मतात की, वेगवेगळ्या गाभ्यांचा हिशेब तेथे टिकत नसावा. सारी भावंडे एकाच साठ्यातून वायू ओढतात, आणि जे मध्यभागी असते ते अधिक ओढते. अवजड तारे असे घडत असतील, तर त्यांचे वस्तुमान कोसळण्याच्या नंतर ठरते, आणि ते गुरुत्वाकर्षणच ठरविते."

"म्हणजे पाइप मेघातील एकाकी गाभे तुमचे साक्षीदार, आणि मृगातील गर्दी माझी."

"होय. आणि म्हणून आता मोजावयाचे आहे ते हे की, गर्दीतल्या गाभ्यात बाहेरून वायू किती येतो. रेणूंच्या रेषा किती सरकल्या यावरून तो वेग काढता येतो. आल्माच्या सहासष्ट अँटेना अटाकामाच्या पठारावर, पाच हजार मीटर उंचीवर, याही कामात गुंतलेल्या आहेत."

"तोवर मी माझा दावा मागे घेत नाही," रावसाहेब म्हणाले, आणि त्या रेषांचे सरकणे नेमके कसे मोजतात, ते बाईंनी आपल्याला पहिल्यापासून समजावून सांगावे, असा आग्रह धरून त्यांनी वही उघडली.